चावी कुणी फिरवली

माझी गोष्ट दिवाळी अंकात छापून आली, त्याला पंधरा दिवस झाले असतील. रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला तो आमच्या दारात आला. अंक डाव्या काखेत धरलेला. त्याच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी एवढंच राहिलंय, त्यामुळं त्या हातानं तो चारचौघांत काही धरत नाही. चपला काढल्या, पण आत आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला, "तुला कवापासनं म्हायत हाय?"

"काय?"

"चावी त्यानंच फिरवली, ते."

मी हसलो. हसायला नको होतं, हे त्याच्या तोंडाकडं बघून लगेच कळलं.

झालेलं नीट सांगतो. कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत गाड्यांचे पत्र्याचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. तिथं मी टाइम ऑफिसला क्लार्क होतो. हजेरी, रजा, शिफ्टच्या याद्या, साहेब सांगतील ती पत्रं टाइप करणं, हे माझं काम. दारात उभा होता तो प्रेस शॉपमधला ऑपरेटर. कळंब्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहतो, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणतो. आणि ज्याच्याबद्दल तो विचारत होता तो सेटर, म्हणजे मशीनमध्ये डाय, म्हणजे साचा, बसवून मशीन लावून देणारा. हे दोघं आयटीआयपासूनचे दोस्त. एकाच दिवशी कामाला लागलेले.

प्रेस, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणारं मशीन, दोन तऱ्हेनं चालवता येते. एक म्हणजे दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. हात बटणांवर अडकलेले असतात, म्हणून ते डायमध्ये सापडत नाहीत. दुसरी तऱ्हा पायाखालच्या पेडलची. पेडलवर माल भराभर निघतो, पण हात मोकळे राहतात, आणि मोकळा हात कुठंही जातो. कुठल्या तऱ्हेनं चालवायची ते बाजूच्या पेटीतल्या चावीवर ठरतं. आमच्याकडं पेडल लावायचं नाही असा नियम होता. भिंतीवर तसा बोर्डही होता.

पाच वर्षांपूर्वी दादा सकाळपासून बटणावर काम करत होता. चहाची सुट्टी झाली. चहा पिऊन आला, भोंगा झाला, मशीनसमोर उभा राहिला. डायमध्ये एक तुकडा अडकलेला दिसला म्हणून तो काढायला उजवा हात आत घातला आणि पाय सरकवला. पाय पेडलवर पडला. सुट्टीत कुणीतरी चावी फिरवली होती. तीन बोटं गेली.

मी तिथं नव्हतो. आरडाओरडा ऐकून टाइम ऑफिसातून पळत गेलो, तोवर सेटरनं अंगातला शर्ट काढून दादाच्या हाताला गुंडाळला होता. नुसत्या बनियनवर तो गाडीत बसला, दादाचं डोकं मांडीवर घेऊन. ते मला आजही दिसतं.

चौकशी तीन दिवस चालली. कागद मीच टाइप केले. निष्कर्ष असा निघाला, की जास्त माल काढण्यासाठी ऑपरेटरनं स्वतःच चावी पेडलवर केली. सबब अपघात त्याच्या स्वतःच्या हलगर्जीपणामुळं घडला. दादाचा जबाब एका ओळीचा होता, 'चावी मी फिरवलेली नाही.' सेटरचाही एका ओळीचाच, 'मला काही माहीत नाही.' कंपनीनं दादाला काढलं नाही, गेटवर बसवलं. त्यानंतर चार वर्षं सेटर त्याला रोज आपल्या मोटरसायकलवर मागं बसवून कामाला नेत होता आणि परत आणत होता. दोघांची शिफ्ट एकच राहावी म्हणून सेटर दर महिन्याला माझ्या टेबलाशी येऊन सांगून जायचा. लोक म्हणायचे, दोस्ती असावी तर अशी.

मी अधूनमधून गोष्टी लिहितो. तीन-चार छापूनही आल्या होत्या. हा अपघात मनात घर करून होता, तो मी जसा घडला तसा लिहून काढला आणि ओळखीच्या एका संपादकांकडं पाठवला. त्यांचा फोन आला. "प्रसंग जिवंत आहे हो, पण ही कथा नाही. यंत्रानं बोटं घेतली, त्यात माणूस कुठाय? कुणीतरी काहीतरी केलं पाहिजे."

मला ते पटलं. दुसऱ्या दिवशी बसलो आणि एका बैठकीत गोष्ट बदलली. दादाला लीडमन, म्हणजे ऑपरेटरांचा मुकादम, करायचं चाललं होतं, हे खरं होतं. गोष्टीतल्या सेटरला मी त्याचा मत्सर वाटायला लावला. चहाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेलेले, तो एकटा मशीनशी येतो, इकडंतिकडं बघतो, चावी फिरवतो. नंतर पश्चात्तापानं मित्राला आयुष्यभर मागं बसवून नेतो. लिहिताना एकही ओळ खोडावी लागली नाही. म्हणजे चांगलं लिहिलं जातंय, असं मला वाटलं.

नावं बदलली. कारखाना सांगलीकडं नेला. मोटरसायकलच्या जागी स्कूटर केली. एवढं केलं की आपण मोकळे, अशी माझी समजूत होती.

आता दादा उंबऱ्याबाहेर उभा होता आणि मी त्याला तेच सांगत होतो, की अरे दादा, ती गोष्ट आहे, ते मी रचलंय.

त्यानं अंक उघडला. पानांचे कोपरे दुमडून ठेवले होते. डाव्या हाताचं बोट एका ओळीवर ठेवून विचारलं, "हे शर्टाचं रचलंस?"

"नाही, ते खरं आहे."

"मशीनला लिंबू-मिरची बांधलीती, ते?"

"खरं."

"च्या पिऊन मी तंबाकू थुकून हात धुतलं आन मग आलतो, ते?"

"तूच सांगितलं होतंस दवाखान्यात."

"मग एवढं समदं खरं," तो म्हणाला, "आन तेवढंच खोटं व्हय?"

मी आत ये म्हणालो. आला नाही. माझी बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो त्यानं कट्ट्यावर ठेवायला लावला.

"हे बघ," आवाज चढवून बोलणारा माणूस एकदम खालच्या आवाजात बोलायला लागला. "चौकशीचं कागद तुझ्या हातनं गेल्यात. कागदावर लिवलंय ते खोटं हाय. ते मला कुणी सांगाय नगं, कारण चावी मी फिरवली न्हाय. म्हंजे खरं दुसरीकडं कुठंतरी असणारच की. मी म्हटलं, ह्याला कागदावर लिवता आलं नसंल, नोकरीचा माणूस, म्हणून ह्यानं गोष्टीत लिवलं."

"देवाशपथ सांगतो, मला काही माहीत नव्हतं."

"गोष्टी रचणाऱ्याची शपथ कुणी धरायची?" असं म्हणून त्यानं चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो. कोपऱ्यावर सेटर नेहमीसारखा गाडी चालू ठेवून थांबलेला. दादा गल्लीतून आला, त्याच्याकडं न बघता रस्ता ओलांडून आमच्या थांब्यावर येऊन उभा राहिला. सेटरनं हाक मारली. यानं मान वळवली नाही. बस आली, दादा चढला आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसला. मी मागं बसलो. खिडकीतून बघितलं तर सेटर अजून तिथंच, गाडी चालू, एक पाय जमिनीवर.

पुढच्या आठवड्यात प्रेस शॉपमध्ये माझ्या गोष्टीची झेरॉक्स फिरू लागली. कुणीतरी चावी फिरवण्याचा परिच्छेद पिवळ्या पेनानं रंगवला होता. सेटर डाय बसवायला वाकला की मागून कुणीतरी विचारायचं, "चावी बघितलीस का रं?" आणि हशा. वीस-वीस वर्षं बरोबर काम केलेली माणसं त्याच्या हातून मशीन घेताना दोनदा तपासून घ्यायला लागली. कॅन्टीनला त्याच्या टेबलावर कुणी बसेना. मी दोघा-तिघांना सांगून बघितलं की ते सगळं काल्पनिक आहे. एकानं डोळा मारला. "तू तसंच म्हणणार की भावा."

आणि मग एका दुपारी प्रॉडक्शनच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तो अंक होता. साहेब मराठी काही वाचत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, हेही पहिल्यांदाच. "झकास लिहिलंयस," ते म्हणाले. "बरोब्बर पकडलंस. मला तेव्हापासून त्याच माणसाचा संशय होता." आणि माझ्यासाठी चहा मागवला.

तो चहा मी तसाच ठेवला. माझी गोष्ट कुणाला आवडली, याची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

कारण अपघाताच्या दिवशी सकाळी हेच साहेब आमच्या टाइम ऑफिसात उभं राहून फोनवर बोलत होते. माझ्या टेबलापासून दोन हातांवर. "पेडलवर टाक म्हटलं ना. संध्याकाळी गाडी गेली पाहिजे, बाकी मला सांगू नको." पलीकडं कोण होतं ते मला माहीत नव्हतं. पण वाक्य मी ऐकलं होतं. चौकशीचा निष्कर्ष टाइप करताना ते माझ्या कानात होतं. आणि गोष्ट लिहितानाही होतं. गोष्टीत मात्र साहेब नावाचं पात्रच नव्हतं. मी स्वतःला सांगितलं होतं, की लघुकथेत माणसं कमी असावीत.

त्या संध्याकाळी बसमधून उतरलो तो सरळ सेटरच्या घरी गेलो. त्याची एक म्हैस आहे, तिच्यापुढं तो वैरण टाकत होता. मला बघून थांबला नाही. मी म्हटलं, "मी तुझ्यावर फार मोठा अन्याय केला. ते सगळं मी मनानं रचलं."

तो वाकलेलाच होता. म्हणाला, "कोण बोललं तुला?"

खोटं लिहिलंस म्हणून त्यानं माझी गचांडी धरायला हवी होती. मी त्याच तयारीनं गेलो होतो. कोण बोललं, हा प्रश्न खोट्याबद्दल कुणी विचारत नाही. त्या क्षणी मला त्याचा संशय आला. मीच बनवलेल्या पात्राकडं बघावं तसं मी त्याच्याकडं बघत होतो, आणि त्याची मला लाज वाटत होती.

"कुणी बोललं नाही," मी म्हणालो. "पण त्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन मी ऐकला होता. पेडलवर टाक म्हणाले ते."

हातातली वैरण तशीच खाली ठेवून तो दगडावर बसला.

"त्यो फोन मलाच आल्ता," तो म्हणाला. "दोनदा न्हाय म्हटलं मी. मग फिरवली चावी. सुट्टी झालीती. त्याला सांगाय निघालो हुतो, तवर पलीकडच्या मशीनवाल्यानं हाक मारली, डाय सरकलीया म्हणून. तिकडं गेलो. म्हटलं, दोन मिनिटांत येतो. आन भोंगा झाला."

"मग चौकशीत का नाही सांगितलंस?"

"सायबानं बोलावून सांगितलं. माझं नाव घेतलंस तर चावी कुणाच्या हातानं फिरली ते पयलं निघंल, म्हणाला. फोनला साक्षीदार कोण हाय, म्हणाला." त्यानं माझ्याकडं बघितलं. "मला काय म्हायत, तू तितं बसला हुतास."

मला वाटलं आता संपलं. पण तो उठला आणि माझ्या अगदी समोर आला.

"चावीचं बरोबर लिवलंस तू. कसं लिवलंस तुलाच ठावं. पण जळून केली असं लिवलंस. त्यो लीडमन हुणार म्हटल्यावर पेढं मी वाटणार हुतो रं. मी भिलो, हे लिवायचं हुतंस. जळलो कवा मी त्याच्यावर? तेवढं तरी मला इचारायचं हुतंस."

मी अंधारात दगड मारला होता आणि तो नेमका लागला होता. पण लागला म्हणून मारणाऱ्याला दिसत होतं, असं कुणी म्हणू नये. कृती मी ओळखली, माणूस मात्र पार चुकलो. आणि गोष्टीत माणूस चुकला की उरतं काय?

रविवारी आम्ही दोघं दादाच्या घरी गेलो. सेटरच म्हणाला, चल. वहिनींनी सतरंजी अंथरली, चहा आणला, आणि आमची तोंडं बघून त्या आत न जाता दाराला टेकून उभ्या राहिल्या. सेटरनं सगळं सांगितलं. कुठंही थांबला नाही, रडला नाही. मग मी फोनचं सांगितलं.

दादा उजवा हात मांडीखाली घालून बसला होता. तो सेटरला म्हणाला, "चावी फिरवलीस ते कामात झालं. माझ्या हातनं बी झालं असतं. पण चार वरीस मला मागं बसवून न्हेलंस. रोज माझं पोट तुझ्या पाठीला टेकत हुतं. कवा तरी बोलावं वाटलं न्हाय?"



मग दादा माझ्याकडं वळला. "आन तू फोन ऐकला हुतास."

"हो."

"मग गोष्टीत सायबाला का घातलं न्हाईस? नाव बदलूनच लिवणार हुतास न्हवं?"

मी म्हणालो, "भिलो."

"ह्याला घालताना भिला न्हाईस."

संपादकांनी कुणीतरी दोषी हवा म्हटलं, तेव्हा माझ्यासमोर दोन माणसं होती. एक मला नोकरीवरून काढू शकत होता, दुसरा काही करू शकत नव्हता. माझी कल्पनाशक्ती बरोबर दुसऱ्याकडं गेली, आणि मी त्याला प्रतिभा समजलो. तेव्हापासून ती मला काही सुचवायला लागली की मी आधी बघतो, ही कुणाला वाचवतेय.

आम्ही दोघांनी कंपनीला लेखी दिलं. सेटरनं चावीचं, मी फोनचं. सह्या केल्या, पोचवल्याचा शिक्का घेतला. दादाला त्या दोन्ही कागदांच्या प्रती दिल्या. पंधरा दिवसांत माझी बदली स्टोअरला झाली, जिथं फोन नाही आणि साहेब येत नाहीत. सेटरनं महिनाभर कळ काढली, मग नोकरी सोडली. आता उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये आहे. साहेब काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीत गेले. आमच्या कागदांमुळं गेले की पगार वाढला म्हणून, ते आम्हाला कळलं नाही. दादाच्या फाईलमध्ये हलगर्जीपणाचा शेरा अजून आहे. त्याच्या खाली 'फेरविचाराधीन' एवढा एक शब्द वाढला.

अंक मात्र परत घेता येत नाही. संपादकांना मी पत्र लिहिलं, पुढच्या अंकात चार ओळींचा खुलासा छापा म्हणून. ते म्हणाले, "अहो, काल्पनिक कथेचा खुलासा काय छापायचा? लोक हसतील." कागलकडच्या कुठल्यातरी वाचनालयात ती गोष्ट अजून असेल. ती वाचणाऱ्या कुणाला तरी वाटत असेल, की मत्सरानं माणूस असा वागतो.

दोघं एकमेकांशी बोलतात. म्हैस व्याली तेव्हा चिकाचं भांडं दादाच्या घरी गेलं आणि भांडं रिकामं परत आलं नाही. पण दादा अजून बसनंच जातो. माझ्याशी बोलताना तो मध्येच थांबून विचारतो, "ह्यातलं रचल्यालं किती?" पावसाचं सांगितलं, गगनबावड्याला रस्ता बंद आहे असं सांगितलं, तरी विचारतो. चेष्टा असते, पण पुरती चेष्टा नसते.

हे सगळं लिहायचं ठरवलं तेव्हा आधी दोघांना विचारलं. सेटर म्हणाला, "लिव्ह, पण छापायच्या आधी वाचून दाव." दादानं दोन दिवस घेतले. मग म्हणाला, "लिव्ह. पण माझा राग कमी करू नगंस. लोकांना बरं वाटावं म्हणून शेवटाला आम्हा दोघांना गळ्यात गळं घालाय लावशील. तसं झाल्यालं न्हाय." वहिनींनी एक गोष्ट लिहू नका म्हणून सांगितलं. ती इथं नाही, आणि तिच्या जागी मी दुसरं काही घातलेलं नाही.

लिहून झाल्यावर दोघांना वेगवेगळं वाचून दाखवलं. सेटर ऐकून उठला आणि वैरण टाकायला गेला. दादाच्या घरी मी शेवटपर्यंत वाचलं, कागद घडी करून खिशात घालायला लागलो, तर त्यानं डावा हात पुढं केला.

"दे हिकडं," म्हणाला. चष्मा लावला, आणि मी वाचलं तेच कागदावर आहे का, ते एकेक ओळ बघत बसला.